अस्वलासाठी पिस्तूल

दिवाळीच्या सुटीपूर्वीचा शेवटचा तास हा शिकवण्याचा तास नसतो, हे वीस वर्षे खडू झिजवल्यावर मलाही कळून चुकले आहे. मुलांचे मन किल्ल्याच्या मातीत आणि करंज्यांच्या सारणात गुंतलेले असते. गेल्या वर्षी त्या तासाला सहावीतल्या एका मुलाने दप्तरातून टिकल्यांचे पिस्तूल काढले आणि मी फळ्याकडे वळलेलो पाहून बार उडवला. पिस्तूल अर्थातच जप्त झाले. पोरगा मात्र वरमला नाही. उलट उभा राहून त्यानेच मला विचारले, "सर, खरं पिस्तूल केवढं असतं? अस्वल मरेल एवढं मोठं असतं का?"

वर्ग हसला. मीही हसून वेळ मारून नेली; पण प्रश्न डोक्यात घर करून राहिला. घरी आल्यावर ते खेळणे कंदिलाच्या उजेडात निरखून पाहिले. मूठ नांगराच्या रुमण्यासारखी बाकदार, घोडा मागे वाकलेला, आणि मध्ये सहा घरांचे फिरते नळकांडे असल्याचा नुसता आव. हा घाट आपला नव्हे. अमेरिकेतल्या कोल्ट कारखान्याने १८७३ साली काढलेल्या सहाबारी पिस्तुलाचा तो घाट आहे. ज्या पोराला अमेरिका नकाशावर धड दाखवता येत नाही, त्याच्या दप्तरात तिचा एक तुकडा निघाला होता.

मग त्या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की त्या मुलाच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. हरणासाठी पिस्तूल शोधणारा आणि अस्वलासाठी पिस्तूल शोधणारा असे दोन गृहस्थ एकाच दुकानात शिरत असले, तरी त्यांची गरज एक नव्हे. हरिण पळून जाते. त्याच्यापाशी माणसाला जावे लागते. अस्वल अंगावर येते. पहिला गृहस्थ हौसेने निवड करतो, दुसरा भीतीने. आणि मोठ्या पिस्तुलाच्या इतिहासात भीती आधी आली, हौस फार मागाहून.

ती भीती कोणती, हे पाहायचे तर १८०५ सालच्या मिसूरी नदीच्या काठी जायला हवे. अध्यक्ष जेफर्सन यांनी धाडलेली मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची तुकडी त्या नदीच्या कडेने पश्चिमेला निघाली होती. वाटेतल्या मूळ रहिवाशांनी त्यांना ग्रिझली नावाच्या प्रचंड अस्वलाबद्दल सावध केले होते. पण हे लोक धनुष्यबाणवाले, आपल्यापाशी बंदुका आहेत, असा गोऱ्यांचा तोरा. १४ मे रोजी सहा पटाईत शिकारी मिळून एका अस्वलावर चालून गेले. चौघांनी एकदम बार काढले, दोघांनी राखून ठेवले. अस्वल पडले तर नाहीच. तोंड वासून ते त्यांच्याच मागे लागले. राखून ठेवलेले दोन बारही झाले. अखेर दोघांनी बंदुका टाकून वीस फूट उंच दरडीवरून नदीत उड्या घेतल्या, तो अस्वलानेही मागोमाग उडी घेतली. काठावरच्या एकाची गोळी त्याच्या डोक्यात बसली तेव्हा कुठे ते थांबले. सोलताना पाहिले तर आठ गोळ्या त्याच्या देहातून गेल्या होत्या.

पुढच्याच महिन्यात, १४ जूनला, खुद्द लुईसवर पाळी आली. त्याने एक गवा मारला आणि बंदूक पुन्हा ठासायची राहिली. वळून पाहतो तो वीस पावलांवर ग्रिझली. हातात रिकामी बंदूक आणि एक भाला. तो पळत जाऊन कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि भाल्याचे टोक अस्वलाकडे केले. काय वाटले कोण जाणे, अस्वल वळले आणि पळून गेले.

ठासणीच्या बंदुकीचे दुखणे हेच होते. एक बार, आणि मग दारू, गोळी, गज, पुन्हा दारू. तेवढ्यात अस्वलाचे अर्धा मिनीट जाते, आणि अर्ध्या मिनिटात त्याला पुष्कळ काही करता येते. म्हणून हवे होते ते दुसरे हत्यार: जवळच्या अंतराचे, एका हाताने उपसता येणारे, आणि तरीही दांडगे.

आपल्या देशातही हीच अडचण निराळ्या वेषात उभी राहिली होती. एकोणिसाव्या शतकात साहेब लोक आणि संस्थानिक हत्तीवर हौदा घालून वाघाच्या मागे जात. घायाळ वाघ कधी कधी हत्तीच्या मस्तकावर झेप घेऊन थेट हौद्यापर्यंत चढे. तेवढ्याशा हौद्यात लांब बंदूक वळवायची कशी? तेव्हा विलायती कारागिरांनी आखूड, दोन नळ्यांची, क्वचित चार नळ्यांची, अर्ध्या इंचाहून अधिक रुंद तोंडाची पिस्तुले घडवली. त्यांचे नावच पडले ‘हाउडा पिस्टल’. आपला हौदा असा विलायतेतल्या बंदूकवाल्यांच्या यादीत जाऊन बसला, आणि शस्त्रे जमवणाऱ्यांच्या तोंडी तो अजून आहे. या पिस्तुलाने कुणी नेम धरत नसे. वाघाचा जबडा हाच नेम. ज्या शिकाऱ्यावर ते वापरायची वेळ आली, त्याची शिकार एव्हाना बिघडलेलीच असे.

अमेरिकेत या अडचणीवरचा तोडगा लढाईच्या वाटेने आला. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले, पण धंदा बुडाला. टेक्सासच्या घोडेस्वारांपैकी सॅम्युएल वॉकर या कप्तानाला मात्र ते हत्यार पसंत होते. फक्त ते त्याला फार लहान वाटत होते. त्याच्या सूचनांवरून १८४७ साली जे पिस्तूल तयार झाले, त्याचे वजन होते साडेचार पौंडांहून अधिक, म्हणजे दोन किलो. सरकारने एक हजार मागवले. प्रत्येक घरात साठ ग्रेन दारू मावे.

या ग्रेनचा हिशेब आपल्या घरातल्या बायकांना चटकन समजेल. इंग्रज सरकारने ठरवलेला तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे साठ ग्रेन हे चार मासे झाले. चार मासे दारू एका बाराला! तेव्हाच्या लोखंडाला ती झेपेना. कित्येक पिस्तुलांची नळकांडी फुटली. शिवाय दोन किलोचे हे ओझे कमरेला लावणार कोण? ते घोड्याच्या खोगिराला लटकवलेल्या पिशवीत राही. बिचारा वॉकर त्याच वर्षी ऑक्टोबरात मेक्सिकोच्या युद्धात पडला. पिस्तुलाला त्याचे नाव राहिले.

पुढची ऐंशी-नव्वद वर्षे थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. माणसाला कमरेला बाळगता येईल असे पिस्तूल हवे होते, म्हणून वजन उतरले. त्याबरोबर दारूही उतरली. धुराची काळी दारू जाऊन बिनधुराची आली, पोलाद सुधारले. १९३५ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘३५७ मॅग्नम’ काढले. गोळी लहानच, साडेदहा माशांच्या आसपास, पण वेग पूर्वी न ऐकलेला. त्याच घराण्यातला डग्लस वेसन हे पिस्तूल घेऊन वायोमिंगच्या रानात गेला आणि त्याने हरणाच्या जातीची मोठमोठी जनावरे त्याने मारून दाखवली. त्यात जाहिरातीचा भाग होता हे उघड आहे. परंतु पिस्तूल हे शिकारीचे मुख्य हत्यार होऊ शकते, हा विचार तिथून रुजला. भीतीच्या वाटेवर हौसेने पाऊल टाकले ते असे.

आता या कथेतला खरा माणूस येतो. एल्मर कीथ त्याचे नाव. जन्म १८९९चा, मिसूरीतला. मोंटाना राज्यात मिसूला नावाचे गाव आहे; तिथे एका भाड्याच्या घराला आग लागली आणि बारा वर्षांचा एल्मर तीत होरपळला. जगेल असे कुणाला वाटत नव्हते. जगला, पण डावा हात वाकडा होऊन आखडला. डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. तेव्हा मुलाने बापालाच गळ घातली की, तुम्ही माझा हात मोडा आणि सरळ बांधा. बापाने तेही केले. आत्मचरित्रात कीथने हे सांगितले आहे. मी कादंबऱ्या लिहितो. पण असला प्रसंग लिहायला माझी लेखणी धजली नसती. वाचक म्हणाले असते, मास्तर, हे जरा जास्तच झाले!

तो हात घेऊन हा माणूस गुराखी झाला, घोड्यांवर ओझी लादून डोंगरात नेणारा झाला, शिकाऱ्यांचा वाटाड्या झाला. आयडाहोतल्या सॅमन गावाजवळ त्याने बिऱ्हाड केले. वाटाड्याची अडचण अशी, की त्याचे दोन्ही हात सदा गुंतलेले. एका हातात घोड्यांची दोरी, दुसऱ्यात कुऱ्हाड. रायफल असलीच तर पाच पावले पलीकडे खोगिराला. गिऱ्हाइकाने जनावर जखमी करून ठेवावे आणि वाटाड्याने ते झुडपातून शोधून संपवावे, हा रोजचा धंदा. त्याला कमरेला राहील, पण जखमी जनावराला तिथल्या तिथे थांबवील, असे पिस्तूल हवे होते. वॉकरची ताकद आणि तिला निम्मे वजन, असेच म्हणाना.

कीथने स्वतःच काडतुसे भरून पाहायला सुरुवात केली. प्रथम ४५ नंबरच्या कोल्टमध्ये. तो फुटला. तेव्हा त्याच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. बाहेरून नळकांडे तेवढेच ठेवून आतले भोक लहान केले, तर घरांच्या भिंती जाड होतील. म्हणून तो ४५ सोडून ४४ कडे वळला. (आणखी एक गंमत: हे ४४ नावाचेच. गोळीची खरी जाडी ४३ शतांश इंचाच्याही किंचित खाली भरते. नाव एक आणि माप दुसरे, हा प्रकार केवळ कापडाच्या दुकानातच चालतो असे नाही.) त्याने स्वतःच्या आखणीची गोळी पाडून घेतली: कठीण शिशाची, बोथट चपट्या नाकाची, खांद्याला धार असलेली, म्हणजे ती भोक स्वच्छ पाडील आणि खोलवर जाईल. मग हा ध्यास घेऊन तो तीस वर्षे लेख लिहीत राहिला, कारखान्यांना पत्रे पाठवीत राहिला. कारखाने म्हणत, जुन्या पिस्तुलात कुणी हे काडतूस घातले आणि पिस्तूल फुटले, तर जबाबदार कोण?

त्यावर तोडगा निघाला तो अगदी सुतारी अकलेचा. रेमिंग्टन कंपनीने काडतुसाचे नळकांडेच अष्टमांश इंच लांब केले. नवे काडतूस जुन्या पिस्तुलात शिरेचना; जुने मात्र नव्यात चाले. स्मिथ अँड वेसनने त्याच्यासाठी पिस्तूल बांधले, आणि १९५५चा डिसेंबर संपता संपता पहिले नग तयार झाले. नाव ‘४४ मॅग्नम’. १९५६च्या आरंभी कीथच्या हाती त्याचे पिस्तूल पडले. त्याने मागितला होता सेकंदाला बाराशे फुटांचा वेग. कंपनीने दिला चौदाशेच्या वर. गोळी २४० ग्रेनची, म्हणजे एक तोळा चार मासे. त्याच वर्षी रूगर कंपनीचेही ४४ मॅग्नम बाजारात आले. सांगतात, की कुणीतरी भंगारात पडलेली रिकामी काडतुसे रूगरच्या माणसाला आणून दिली, आणि त्यावरूनच त्याने ओळखले की शेजाऱ्याकडे काहीतरी शिजते आहे.

आता धक्क्याचा हिशेब. आठवीचे विज्ञान पुरेल. साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या वेगाने पुढे गेली, तर एक किलो तेहेतीसशे नव्हे, एक किलो ३३० ग्रॅमचे पिस्तूल मागे किती वेगाने येईल? गोळीचाच हिशेब धरला तरी सेकंदाला पाच मीटर. जळत्या दारूच्या वायूचा रेटा आणखी वेगळा. रायफलीला दस्ता असतो, तो खांदा घेतो. इथे सारे मनगटावर. पहिल्या गिऱ्हाइकांचे काय झाले याची एक गोष्ट अमेरिकेत आवडीने सांगतात. जुन्या बाजारात हे पिस्तूल वारंवार विकायला येई, जवळजवळ कोरे, आणि सोबत काडतुसांची पन्नासाची पेटी. मोजून पाहावे तर पेटीत काडतुसे चव्वेचाळीस. सहा उडवली होती, आणि मालकाचे समाधान झाले होते.

इथेच निवडीचा खरा प्रश्न येतो. खरे पाहता, एवढे दांडगे म्हणवणाऱ्या या पिस्तुलाचे बळ हरणाच्या साध्या रायफलीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाहून फारसे अधिक नाही. म्हणून पिस्तुलाने हरिण मारणाऱ्याला जवळ जावे लागते. पन्नास-साठ यार्ड हे चांगले अंतर. जाणते शिकारी नव्याला सांगतात, फराळाच्या ताटलीएवढा कागद टांग आणि मागे मागे जा. ज्या अंतरावरून एकही गोळी ताटलीबाहेर जात नाही, तिथे तुझी हद्द संपली. त्यापुढचे हरिण तुझे नव्हे. हरणाला लांब नळी हवी, म्हणजे नेम नीट धरता येतो. गोळी मऊ नाकाची, आत उमलणारी. अस्वलाला उलटे. नळी आखूड, म्हणजे चटकन उपसता येते. गोळी कठीण आणि जड, जी हाडात अडकत नाही. म्हणजे पिस्तूल एकच असले तरी सामान वेगळे.

आणि सगळ्यात मोठा शत्रू दचकणे. सहा बार सोसले, की सातव्याला चाप ओढण्याआधीच हात आकसतो आणि नळी खाली झुकते. गोळी मग हरणाच्या छातीऐवजी पोटात जाते, आणि ते जनावर दोन दिवस रानात मरत राहते. जखमी जनावर शोधत हिंडलेल्या कीथला हे दुसऱ्या कुणी सांगायला नको होते. इथे ते लांब-आखूड काडतुसाचे गणित कामी आले. त्याच पिस्तुलात जुनी, सौम्य काडतुसे घालून माणसाला हात बसवता येई. ज्याने धीर धरला, त्याला ते साधले. बाकीच्यांच्या पेट्या चव्वेचाळीसवर राहिल्या.

कीथवर आक्षेपही पुष्कळ झाले. सहाशे यार्डांवरच्या हरणाला आपण पिस्तुलाने गोळी घातली, असे त्याने लिहिले, आणि जन्मभर लोक त्याला थापाड्या म्हणाले. त्याने आत्मचरित्राला नावच दिले ‘हेल, आय वॉज देअर!’, म्हणजे, अहो, मी होतो ना तिथे! ते १९७९ साली आले. १९८४ साली तो गेला. त्या गोळीबद्दल माझे मत विचाराल तर, मला संशय आहे. पण एक गोष्ट टीकाकार विसरतात. ते हरिण सोबत्याच्या रायफलीने आधीच घायाळ झाले होते, आणि ते निसटू नये म्हणून त्याने बार काढले, असेच त्याचे सांगणे होते. वाटाड्याचा धंदा अंगात भिनलेला.

पुढे १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ या सिनेमात क्लिंट ईस्टवुडने हे पिस्तूल हाती धरले आणि ज्यांनी उभ्या जन्मात हरिण पाहिले नव्हते, तेही ते घ्यायला धावले. खऱ्या शिकाऱ्यांच्या वाटा मात्र फुटत गेल्या. हरणवाल्यांना १९६७ साली थॉम्पसन सेंटर कंपनीचे ‘कंटेंडर’ मिळाले. त्यात रायफलीची काडतुसे चालत, वर दुर्बीण बसे, आणि बार मात्र एकच. दीडशे वर्षांनी माणूस फिरून लुईसच्या एकबारीपाशी आला, हौसेपायी. अस्वलवाल्यांनी एकबारी मनावर घेतलीच नाही. त्यांना १९८३पासून फ्रीडम आर्म्सचे ४५४ कॅसल मिळू लागले, आणि २००३ साली स्मिथ अँड वेसनने ५०० मॅग्नम काढले: अर्धा इंच जाडीची गोळी, जवळजवळ अडीच तोळ्यांपर्यंतची, आणि घरे सहाऐवजी पाचच. लांब नळीच्या नगाचे वजन किती, तर साडेचार पौंड. जवळजवळ १८४७च्या वॉकरएवढेच. ते खोगिरात ठेवायचे होते. हे पट्टा लावून छातीवर बांधतात.

इतके झाल्यावर अस्वलापुढे पिस्तूल चालते का? अलास्कातल्या १८८३ ते २००९ या काळातल्या नोंदी तपासून काही अभ्यासकांनी २०१२ साली हिशेब मांडला. पिस्तूल चालवलेल्या शंभरापैकी चौऱ्याऐंशी प्रसंगी अस्वल आवरले गेले. लांब बंदुकांचा आकडा शहात्तर. पण त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदली: हत्यार जवळ असलेल्यांना इजा होण्याचे प्रमाण, ते चालवले काय नि न चालवले काय, सारखेच. आणि त्याआधी २००८ साली याच मंडळींनी दुसरा हिशेब केला होता, तो मिरचीच्या फवाऱ्याचा. तपकिरी अस्वलावर त्याचे यश शंभरात ब्याण्णव. हा फवारा म्हणजे काय, तर मिरचीतला तिखटपणा काढून डब्यात दाबून भरलेला! १९८०च्या दशकात त्याच्या चाचण्या ज्या विद्यापीठातल्या विद्यार्थिनीने घेतल्या, ते विद्यापीठ मिसूला गावचे. एल्मर कीथ जिथे होरपळला तेच गाव.

आपल्याकडे १९७२च्या कायद्यापासून अस्वल संरक्षित आहे. त्याच्यासाठी पिस्तूल निवडण्याचा प्रश्न कुणापुढे उरलेला नाही. अस्वल मात्र उरले आहे. मेळघाटात, चंद्रपूरच्या रानात, उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहाची फुले वेचायला बायका जातात, आणि तीच फुले वेचायला अस्वलही येते. बायकांच्या हातात टोपली असते.

सुटीनंतर पोराचे पिस्तूल परत केले आणि मिसूरीची गोष्ट वर्गाला सांगितली. मिरचीपाशी आल्यावर वर्ग पुन्हा हसला. तो पोरगा तेवढा हसला नाही. म्हणाला, "पण सर, वारा आपल्याकडे असला तर?" प्रश्न बरोबर होता. तसे झाले तर तिखट आपल्याच डोळ्यांत जाते. म्हणून अलास्कात कित्येक वाटाडे आजही पट्ट्याला एका बाजूला फवाऱ्याचा डबा लावतात आणि दुसऱ्या बाजूला ४४ मॅग्नम, आणि आधी कशाला हात घालायचा यावर शेकोटीभोवती त्यांचे वाद चालतात.